प्रिन्सच्या वाढदिवसाचं गाणं

‘झिंगाट’ वाजतं ते वाढदिवसाला. ‘सैराट’ ज्यांनी थिएटरात तीनतीनदा पाहिला त्यांनाही हे चटकन आठवत नाही. आठवणार कसं? २०१६ पासून आपण ते हळदीत, वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीतच ऐकत आलो आहोत. वाढदिवस आहे प्रिन्सचा. प्रिन्स म्हणजे चित्रपटाची नायिका आर्ची हिचा भाऊ, तात्या पाटलांचं लाडकं लेकरू. भर वर्गात मास्तरांच्या कानाखाली वाजवूनही ज्याचं काही बिघडत नाही असा. त्याच्या वाढदिवसाला पाटलांच्या बंगल्यासमोर अख्खा गाव गोळा झालाय. पोरं बेभान नाचतायत, त्यांत आर्चीवर जीव टाकणारा परशा आहे, त्याचे दोस्त लंगड्या आणि सल्या आहेत, पलीकडे मैत्रिणींच्या घोळक्यात आर्ची. नाच होतो, आणि त्याच रात्री बंगल्याच्या आडोशाला भेटलेले ते दोघं पकडले जातात. तिथून पुढे मार, पोलीस ठाणं, पळापळ, हैदराबादची झोपडपट्टी आणि दोघांच्या खुनाचा तो शेवट.

जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटातलं हे शेवटचं गाणं आहे. त्यानंतर एकही गाणं नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या लग्नांनी ज्या गाण्यावर सगळ्यात जास्त धुरळा उडवला, ते गाणं दोन कोवळ्या पोरांच्या आयुष्यातल्या शेवटच्या निर्धास्त रात्रीचं आहे. ते ज्यांच्या वरातीत वाजतं त्यांच्यातल्या बहुतेकांची सोयरीक जात बघूनच जुळलेली असते, ही गंमत तर आणखी वेगळी. तिला गंमत म्हणावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

चित्रपटासाठी केलेलं गाणं चित्रपटातून सुटून आपल्या वाटेनं जाणं काही नवीन नाही. सिल्व्हेस्टर स्टॅलननं १९८२ च्या ‘रॉकी ३’साठी आधी क्वीन या बँडचं एक तयार गाणं मागितलं होतं. ते मिळेना, म्हणून सर्व्हायव्हर नावाच्या त्या मानानं लहान बँडकडून नवं करून घेतलं. ते ‘आय ऑफ द टायगर’. आज जगभरच्या व्यायामशाळांत ते वाजतं आणि त्यावर वजनं उचलणाऱ्या पोरांना त्या चित्रपटात कोण कुणाशी लढलं हे ठाऊकही नसतं. पण त्या गाण्याचं तसं काही अडत नाही, कारण चित्रपटात ते जे सांगतं तेच व्यायामशाळेतही सांगतं: ऊठ आणि लढ. ‘झिंगाट’चं तसं नाही. बाहेर पडताना ते आपल्या मागचा सगळा उत्तरार्ध तिथेच टाकून आलं. प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते एवढंच, की ‘सैराट’ची गाणी त्या उत्तरार्धासाठी केलेली आहेत. ती जितकी मोठी, जितकी देखणी, तितकी पुढची भीती खरी. ती नुसती ऐकली तर अर्धीच ऐकली जातात.

आता गावाकडे वळू. सोलापूर जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला तर करमाळा वरच्या टोकाला, नगर जिल्ह्याला खेटून दिसतो. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. करमाळ्याचं स्टेशन म्हणजे जेऊर, पुणे–सोलापूर मार्गावरचं. नागराज मंजुळे या जेऊरचे. वडार समाजातला मुलगा, मराठीत एम. ए., ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा कवितासंग्रह, मग ‘पिस्तुल्या’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा लघुपट, मग ‘फँड्री’. ‘सैराट’साठी त्यांनी परशा शोधला तोही जेऊरचाच, आकाश ठोसर. आर्ची सापडली अकलूजला. रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती आणि त्या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. संवाद लिहिले नागराज यांचे भाऊ भारत मंजुळे यांनी. थोडक्यात, माणसं, बोली आणि शिवार सगळं एकाच तालुक्याच्या आसपासचं.

या तालुक्याच्या एका बाजूला उजनीचं पाणी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि नदीकाठची गावंच्या गावं उठली. मागे राहिलं ते मैलोन् मैल पसरलेलं पाणी. त्या पाण्यावर ऊस आला, केळी आली, कारखाने आले, कारखान्यांबरोबर संचालक आले आणि त्यांच्या घरची सत्ता आली. त्याच पाण्यावर होड्या घेऊन मासे मारणारी माणसंही आली. ‘सैराट’मधल्या तात्यांकडे ऊस आहे, परशाच्या बापाकडे जाळं. पाणी एकच, पण त्याचा एक काठ पाटलांचा आणि दुसरा कुणाचाच नाही. हा चित्रपट परदेशी समीक्षकांनी रोमियो-ज्युलिएटच्या चौकटीत बसवला. बसवू दे. सोलापूरच्या माणसाला तो पाहताना आधी उजनी दिसते.

आणि हलगी ऐकू येते. या भागात जत्रा, कुस्तीचा फड, लग्न, मिरवणूक, काहीही हलगीशिवाय सुरू होत नाही. कड्यावर ताणलेलं कातडं, वाजवण्याआधी ते जाळावर शेकायचं, मग एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्यात बारीक काडी. सोबतीला घुमकं असेल तर आवाज छातीत बसतो. पण हलगी नुसतं वाद्य कधीच नव्हतं, ती जातीनं नेमून दिलेली चाकरी होती. मिरवणूक ज्याची त्याच्या दारात हलगीवाला उभा राहायचा, आत जायचा नाही. नागराज यांना ‘फँड्री’चा जब्या मिळाला तोच मुळी हलगी वाजवताना. सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातल्या केमचा मुलगा, तिथे तो हलगी वाजवत होता आणि नागराज यांनी त्याला पाहिलं. पुढे त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. केमचं कुंकू आधीपासून प्रसिद्ध होतं, आता हेही नाव जोडलं गेलं.

‘फँड्री’ला अजय-अतुल यांनी एक गाणं करून दिलं होतं. ते चित्रपटात नव्हतंच, जाहिरातीपुरतं होतं, पण ते ऐकून लोक चित्रपटाला आले. ‘सैराट’ची जोडी इथे जमली असं मी मानतो. दोघा भावांचं बालपण पुणे जिल्ह्यातल्या लहानमोठ्या गावांत गेलं. घरात संगीताची परंपरा नाही, गुरूकडे रीतसर शिक्षण नाही. ‘अगं बाई अरेच्चा!’ २००४ मध्ये आला, ‘जत्रा’ २००६ मध्ये, ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१० च्या ‘नटरंग’नं तर लावणी पुन्हा शहरातल्या मोबाइलवर आणली. त्यांच्या गाण्यांत दोन गोष्टी सुरुवातीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या: गावच्या जत्रेतला ठेका आणि भरगच्च पाश्चात्त्य वाद्यमेळ. दुसऱ्या गोष्टीचं श्रेय ते स्वतःच इळयराजांना देतात. इळयराजांनी ‘हे राम’साठी बुडापेस्टच्या वादकांकडून संगीत वाजवून घेतलं होतं. मराठी चित्रपटाच्या खर्चात असलं काही बसेल, असं मात्र २०१६ च्या आधी कुणी म्हटलं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

‘सैराट’च्या संगीतातला पाश्चात्त्य वाद्यांचा भाग लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. भारतीय चित्रपटासाठी तिथे झालेलं हे पहिलंच सिंफनी ध्वनिमुद्रण, असं त्या वेळी सांगितलं गेलं. ही खोली मूळची एमजीएम कंपनीची. १९३९ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत तिथलं. आज ती बार्बरा स्ट्रायसँडच्या नावानं ओळखली जाते. अशा ठिकाणी कामाची रीत ठरलेली असते. वादकांपुढे स्वरलिपीचे कागद, कानात तालाची टिकटिक, पुढे संचालक, मोठ्या पडद्यावर किंवा लहान मॉनिटरवर दृश्य. कागद पहिल्यांदा समोर येतो आणि थोड्याच वेळात तो तुकडा वाजवून हातावेगळा होतो. तालमी नाहीत, घराणं नाही, मूडची वाट पाहणं नाही. आयुष्यभर हेच केलेली माणसं असतात ती.

आता त्या व्हायोलिनांना काय वाजवायचं होतं बघा. परशा पाण्यात होडीवर आहे. आर्ची विहिरीवर पोहायला गेल्याची बातमी येते. तो होडीतून उडी टाकतो, पाणी कापत काठाला येतो, रान तुडवत पळतो आणि थेट विहिरीत झेप घेतो. एवढंच. यात ना युद्ध, ना राज्याभिषेक. एक कोळ्याचं काम करणारं पोरगं एका पोरीला बघायला पळतंय. आणि त्याच्या मागे शेकडो वर्षांच्या युरोपीय संगीताचा सगळा लवाजमा उभा केलाय. राजपुत्रांसाठी, अंतराळयानांसाठी, महायुद्धांसाठी राखून ठेवलेला आवाज करमाळ्याच्या एका अनवाणी धावेला दिलाय.

काही जाणकारांनी तेव्हा नाकं मुरडली. इतक्या साध्या गोष्टीला एवढा डामडौल कशाला, हलगी-ढोलकीत भागलं नसतं का? मला वाटतं हा प्रश्नच उलटा आहे. हलगी परशाच्या वाट्याला जन्मानं आलेलीच होती. त्याला जे कुणी कधी दिलं नसतं ते म्हणजे हा दिमाख. पहिल्या प्रेमात पडलेल्या पोराला स्वतःविषयी जे वाटतं, त्याच मापाचं संगीत त्याला मिळालं. आपण चार घरं सोडून राहतो, आपली जात काय, बाप काय करतो, हे त्या घटकेला त्याच्या लेखी नसतंच. श्रोत्यालाही नसतं, कारण व्हायोलिनं त्याला विचार करू देत नाहीत. चित्रपट हे जाणूनबुजून करतो. तो तुम्हाला उंचावर नेतो. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’, चढत्या पायऱ्या आहेत या. शीर्षकगीत अजय गोगावले आणि चिन्मयी श्रीपाद यांनी गायलंय, त्यात दोन्ही आवाज पहिल्यांदा बरोबरीनं येतात आणि गोष्ट एकतर्फी उरत नाही. गाण्यांच्या शब्दांवर नावं अजय-अतुल यांची आणि नागराज यांची.

आणि मग वाढदिवस. ‘झिंगाट’मध्ये राज्य ठेक्याचं. वरातीतला, पळता, पायाला उसंत न देणारा ठेका. चाल इतकी आटोपशीर की एकदा ऐकून गर्दीला तोंडपाठ होते. शब्दांत गावातला कुठलाही पोरगा सापडतो: नटलाय, थोडी घेतलीय, कुणाच्या तरी दारापुढे नाचतोय आणि तिचं लक्ष आपल्याकडे आहे असा त्याचा ठाम समज आहे. दृश्यातही हेच चाललंय. कवायत केल्यासारखं एका वेळी हात वर करणारे नर्तक नाहीत, ज्याला जसं येतं तसं तो नाचतोय. म्हणूनच ते पाहणाऱ्याला उठून नाचता आलं. आमच्याकडे मोठ्या आवाजाच्या कुठल्याही भिंतीला ‘डॉल्बी’च म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. त्या भिंतीसाठी याहून सोयीचं गाणं सांगून करून घेता आलं नसतं. सोलापुरात मिरवणुकांना तोटा नाही. गणपती, शिवजयंती, आंबेडकर जयंती, वराती. एकमेकांशी न पटणाऱ्या मंडळांच्या यादीत हे एक गाणं समान असतं.

चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला लागला. त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता, पण करमाळ्यात बर्लिनचं कौतुक कुणाला? गाणी चित्रपटाच्या आधी बाहेर आली होती, ती पोचली होती. तालुक्याच्या गावांतून ट्रॅक्टर-टेम्पो भरून माणसं थिएटरांकडे निघाली. साताऱ्याकडच्या रहिमतपुरात मध्यरात्रीचे आणि पहाटेचे खेळ लावावे लागले. ‘झिंगाट’ सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत, हे तर राज्यभर झालं. कमाईच्या बाबतीत शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट अशी त्याची नोंद झाली.

या नाचण्याकडे हसून बघू नये. तीच माणसं नंतर शेवट पाहून बाहेर पडत, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. दुसऱ्या दिवशी तीच परत येत आणि ‘झिंगाट’ला पुन्हा नाचत. त्यांना पुढचं माहीत असे, तरी नाचत. मला हे विसंगत वाटत नाही. तमाशाच्या वगात शेवटी राजा मरणार हे ठाऊक असणारा प्रेक्षक सोंगाड्यावर हसायचा थांबत नसे. फरक एवढाच की वग फडातच संपायचा. ‘झिंगाट’ थिएटरातून बाहेर पडलं आणि जी माणसं थिएटरात कधी आलीच नाहीत त्यांच्याही दारात पोचलं.

सोलापूरला हे असं गाणं मागे उरण्याची सवय जुनी आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातला शाहीर राम जोशी हा इथला. ब्राह्मणाच्या घरातला विद्वान पोरगा तमासगिरांच्या संगतीला लागला, म्हणून घराला नकोसा झाला, अशी त्याची कथा सांगतात. १९४७ मध्ये राजकमलनं त्याच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांना घेऊन. संगीत वसंत देसाई यांचं, लेखणी गदिमांची. तो चित्रपट तुफान चालला आणि लोकांच्या लक्षात राहिल्या त्या लावण्या. जातीची रेघ ओलांडल्याबद्दल त्या माणसाला काय मोजावं लागलं, ते पोवाड्या-लावण्यांच्या झगमगाटात मागे पडलं. एकाच जिल्ह्यात, सत्तर वर्षांच्या अंतरानं, तीच गोष्ट दोनदा घडली असं म्हणायला हरकत नाही.

‘सैराट’चं कथानक कल्पित आहे, पण ते हवेतून आलेलं नाही. करमाळ्याला लागून जामखेड तालुका आहे, त्यात खर्डा. तिथे २०१४ च्या एप्रिलअखेरीस एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढा त्याच्यावरचा संशय. चित्रपट लागला तेव्हा त्या घटनेला दोन वर्षं होत होती. पुढे खटल्यात सगळे आरोपी सुटले. ‘सैराट’ प्रदर्शित झाल्यावर काही महिन्यांतच शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा निर्घृण खून झाला, राज्यभर मोर्चे निघाले, आणि त्या तापलेल्या चर्चेत हा चित्रपटही ओढला गेला. आमच्या पोरींना बिघडवणारा चित्रपट, असं व्यासपीठांवरून ऐकू आलं. पण ज्या घरांत ‘सैराट’चं नाव घ्यायची सोय उरली नव्हती, त्या घरच्या हळदीतही ‘झिंगाट’ वाजतच राहिलं. गाण्याला कुणी जात विचारली नाही, कारण तोवर ते आर्ची-परशाचं राहिलेलंच नव्हतं.

इतर भाषांतले अवतार मोजून संपवतो. २०१७ मध्ये कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ झाला, आर्ची पुन्हा रिंकूच, चालीही त्याच. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या ज्या घरांत दोन्ही भाषा नांदतात त्यांना ही मेजवानीच. ओडिया, पंजाबी, बंगाली झाले. २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’ आला, संगीत अजय-अतुल यांचंच, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. ‘झिंगाट’ उदयपूरला गेलं, कपडे बदलले, ठेका तोच राहिला. मात्र उजनीच्या काठावरची जात तिथे इतकी पातळ झाली की पोरांना नेमकं कशासाठी मारतात हेच धड कळेना. चाल उचलून नेता येते. ती ज्या अंगणात वाजते ते अंगण नेता येत नाही. हिंदीवाल्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही, पण पाटलांचा बंगला उभा राहिला तो राजवाड्यासारखा, आणि राजवाड्यापुढे नाचायला मुळात परशाला बोलवतंच कोण? करमाळ्यात त्याला बोलावलं होतं. वाढदिवसाला गाव लागतो, पोरांची गर्दी लागते, घोषणा लागतात. त्या गर्दीत परशा चालतो. त्या अंगणात त्याला नाचण्यापुरती जागा होती, हीच तर गोष्टीची मेख आहे.

या पुस्तकाच्या वाचकाला एक विनंती. पानं उलटण्याआधी चारही गाणी पुन्हा ऐका, पण मोबाइल टेबलावर ठेवून नव्हे. चांगले हेडफोन लावा, नाहीतर कल्व्हर सिटीचे पैसे वाया. आणि मला विचाराल तर या चारांत सगळ्यात मोठं गाणं ‘झिंगाट’ नाही, शीर्षकगीतही नाही. ते आहे ‘आताच बया का बावरलं’. श्रेया घोषाल नावाच्या बंगाली गायिकेनं करमाळ्याच्या पाटलाच्या पोरीचं मन असं गायलंय की बोली परकी वाटत नाही. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, भर कॉलेजात पोरांना दटावणारी आर्ची इथे पहिल्यांदा स्वतःलाच घाबरते, आणि या सगळ्या गोष्टीत धाडस मुळात तिचं आहे हे त्या एका गाण्यात कळतं. आमच्याकडच्या कुठल्याही वरातीत डीजेवाल्याकडे त्याची फर्माईश करून बघा. तो मान हलवेल, बरं म्हणेल आणि ‘झिंगाट’ लावेल.